गावाकडे झाडछाटणीचा धंदा : गाडी कोणती, परवाने कोणते?



शुक्रवारची सकाळ. अल हिलालमधल्या आमच्या घरी चहा-पोह्यांचा कार्यक्रम चालू होता, तेवढ्यात वाईहून आतेभावाचा फोन आला. "दादा, एक सेकंडहँड गाडी मिळतेय. झाडं तोडायचा, छाटायचा धंदा सुरू करतोय. मालक दोनच दिवस थांबतोय. पैसे पाठवतोस का?"

असा फोन आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी आलेला असेल. कधी रिक्षा, कधी दुकान, कधी पोल्ट्री. यावेळी झाडकाम होते. मी संगणकाच्या क्षेत्रातला माणूस. झाडांशी संबंध म्हणाल तर बाल्कनीतल्या तुळशीपुरता! पण इंजिनियरची सवय जात नाही. पैसे पाठवण्याआधी दोन-तीन आठवडे आरटीओ एजंट, नगरपरिषदेत काम केलेले एक काका, वखारीवाले आणि विमा एजंट अशा अनेकांना फोन केले, कायदे वाचले. त्यातून जी माहिती जमली ती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून इथे देत आहे. गावी जुने घर, परसात आंबा-फणस असलेल्यांनाही यातला बराचसा भाग लागू आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. या धंद्यात गाडी सर्वात शेवटी घ्यायची. आधी काम कोणते ते ठरवायचे, मग झाडाचे परवाने समजून घ्यायचे आणि मग गाडी निवडायची. आपले लोक नेमके उलटे करतात. झाडाच्या कागदात चूक झाली की नाक्यावर अडकते ती गाडीच, आणि गाडीत पैसे असतात आपले!

१. आधी काम ठरवा

"झाडाचा धंदा" म्हणजे प्रत्यक्षात तीन वेगवेगळी कामे आहेत.

अ) छाटणी : सोसायट्या, बंगले, शाळा, मंगल कार्यालये. पावसाळ्याआधी धोकादायक फांद्या उतरवणे. यात निघतो तो पाला आणि बारीक फांद्या. जागा खूप व्यापतात, वजन कमी.

आ) झाड उतरवणे : वाळलेले, पडायला आलेले किंवा बांधकामात येणारे झाड परवानगी घेऊन तुकड्या-तुकड्यांनी खाली घेणे. यात ओंडके निघतात. वजन प्रचंड.

इ) लाकूड खरेदी-विक्री : शेतकऱ्याकडून उभे झाड घेऊन वखारीला देणे. यात वाहतुकीचे नियम सर्वात कडक.

वजनाचा अंदाज यावा म्हणून एक छोटे गणित. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन मीटर लांबीचा एक ओंडका घेऊ. त्याचे घनफळ साधारण ०.८५ घनमीटर. ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण ९०० ते १,००० किलो भरतो. म्हणजे तो एकच ओंडका ७५० ते ८५० किलोचा! छोट्या टेम्पोची पूर्ण क्षमता एका ओंडक्यात संपली. उलट फांद्यांनी तोच हौदा शिगोशीग भरला तरी वजन बहुधा क्षमतेच्या निम्मेही होत नाही. म्हणून "मोठी गाडी घेऊन ठेवू, कधीतरी लागेलच" हा हिशेब चुकतो आणि "छोटी घेऊ, दोन खेपा मारू" हाही चुकतो.

आतेभावाला मी सांगितले, तीन महिने भाड्याच्या गाडीवर काम कर आणि प्रत्येक काम वहीत लिही. तो चिडला. पण लिहिले. तीन महिन्यांत २३ कामे झाली, त्यातली १८ निव्वळ फांद्यांची होती. आधी जी गाडी तो घेणार होता ती ओंडके वाहणारी, अडीच टनी होती. आठवड्यातले चार-पाच दिवस ती दारात उभी राहिली असती आणि हप्ता मात्र चालू राहिला असता.

२. गाडी कोणती?

टाटा एस (आपला "छोटा हत्ती") : २००५ साली बाजारात आला. साधारण पाऊण टन माल. शहरातल्या बोळांत, सोसायटीच्या फाटकातून सहज आत जातो. फक्त छाटणी करणाऱ्यासाठी उत्तम. ओंडक्यांसाठी नाही.

पिकअप वर्ग (महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त) : मॉडेलनुसार साधारण एक ते दोन टन. फांद्या, मध्यम ओंडके, शिडी, दोरखंड, मशीन करवत आणि पुढे दोन माणसे एवढे सगळे एका खेपेत जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी माझ्या मते हाच वर्ग योग्य. हौद्याच्या बाजूला लोखंडी जाळी उभी केली की पाला जास्त बसतो. मात्र ही जाळी आरटीओच्या नियमात बसणारी असावी. त्याबद्दल पुढे येईलच.

टाटा ४०७ वर्ग : १९८६ पासून महाराष्ट्राच्या रस्त्यांवर असलेली गाडी. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. नियमित ओंडके वाहायचे असतील तरच घ्यावी.

ट्रॅक्टर-ट्रॉली : गावात घरोघरी असते, त्यामुळे "आहेच की आपल्याकडे" असे वाटते. पण ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा शेतीकामासाठी असेल आणि तो भाड्याने दुसऱ्याचे लाकूड वाहत असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी लागते. ट्रॅक्टरवर चालणारे फांद्या बारीक करणारे यंत्र मात्र जागेवरच कामाला लावता येते. त्याने पाल्याचा ढीग बराच लहान होतो आणि खेपा वाचतात.

शिडीची (स्काय लिफ्ट) गाडी, हायड्रा क्रेन, जेसीबी : विकत घेऊ नका. कामापुरते भाड्याने घ्या आणि चालवणाऱ्याचा परवाना त्या यंत्राचा आहे ना, हे स्वतः पाहा. "माझ्याकडे कारचे लायसन्स आहे" हे पुरेसे नाही.

सेकंडहँड गाडी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पाटे वाढवून घेतलेले आहेत का (म्हणजे गाडीने आयुष्यभर जादा भार वाहिला आहे), हौद्याचा तळ गंजला आहे का, फिटनेसची मुदत किती उरली आहे आणि बँकेचा बोजा आरसी बुकावरून उतरला आहे का. आतेभावाला दाखवलेल्या गाडीचा बोजा उतरलेलाच नव्हता. "दोनच दिवस थांबतो" म्हणणाऱ्या मालकाची घाई कशासाठी होती ते तेव्हा कळले! नव्या गाडीचा विचार करणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

३. गाडीचे कागद

इथे दोन आकडे पाठ करून ठेवावेत : ३,००० किलो आणि ७,५०० किलो. दोन्ही आकडे गाडी अधिक माल अशा एकूण वजनाचे आहेत आणि हे वजन आरसी बुकात लिहिलेले असते.

३,००० किलो : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ नुसार एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला लागते. पिकअप वर्गातली काही मॉडेल या रेषेच्या खाली आहेत, काही वर. शोरूममध्ये किमतीआधी हा आकडा विचारा.

७,५०० किलो : एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनांत मोडते. हलक्या वाहनाचे साधे लायसन्स असलेला माणूस अशी मालवाहू गाडी चालवू शकतो का, यावर अनेक वर्षे कोर्टकज्जे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली "हो" म्हटले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केले. त्यामुळे छोटा हत्ती, पिकअप आणि ४०७ यांच्यासाठी चालकाला वेगळी नोंद करावी लागत नाही. त्यावरच्या ट्रकला मात्र लागते.

बाकीचे मुद्दे थोडक्यात :

- भाड्याने माल वाहणारी गाडी व्यावसायिक म्हणूनच नोंदवलेली हवी, म्हणजे पिवळी पाटी आणि काळी अक्षरे. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीने धंदा करू नये.

- पासिंग : नव्या व्यावसायिक गाडीला पहिली दोन वर्षे फिटनेस असतो. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. जुनी गाडी स्वस्त का मिळते त्याचे एक कारण हेही आहे.

- जादा भार : २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. माल हौद्याच्या बाहेर, बाजूला, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर आला तरी २०,००० चे कलम आहे. झाडकामात फांद्या बाहेर येतातच, म्हणून करवत गाडीपाशीच चालवून तुकडे आखूड करूनच भरावेत.

- गाडीत बदल : कंपनीने दिलेल्या रचनेत स्वतःच्या मनाने बदल करायला कलम ५२ ची मनाई आहे. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून हौद्यावर शिडी किंवा छोटी क्रेन बसवून घेण्याआधी आरटीओची मान्यता घ्या. नाहीतर पासिंगला गाडी अडते आणि विम्यालाही अडचण येते.

- मजुरांना मालावर बसवणे : सर्वात जास्त होणारी आणि सर्वात महाग पडणारी चूक ही आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच सांगितले आहे. आपले पगारी मजूर असतील तर विमा काढताना चालक, क्लीनर आणि हमाल यांच्यासाठी जादा हप्ता भरून तशी नोंद करून घ्यावी. ही रक्कम चहापाण्याच्या खर्चाएवढीही नसते. तरीही त्यांना मालावर बसवू नयेच.

४. झाडाचे कागद

"आपलंच झाड, आपल्याच परसात, परवानगी कसली?" हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोललो आहे. चूक आहे ते.

शहरात : महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू आहे. प्रत्येक ठिकाणी वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतो. त्यांच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. या कायद्यात "तोडणे" या शब्दात झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही धरले आहे. म्हणजे जोरदार छाटणीही त्यात येऊ शकते. अर्ज केला की झाडाची पाहणी होते आणि झाडावर नोटीस लागते. २०२१ च्या दुरुस्तीने दोन मोठे बदल झाले. ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड "वारसा वृक्ष" ठरते. आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. ३० वर्षांचे झाड तोडले तर ३० रोपे!

धंदेवाल्याने याकडे अडचण म्हणून न पाहता काम म्हणून पाहावे. तीच पिकअप येताना ओंडके आणते आणि जाताना रोपे नेते. आतेभावाने आता रोपे लावून देण्याचे आणि जगवण्याचे काम वेगळे घ्यायला सुरुवात केली आहे.

गावात : इथे महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम १९६४ लागतो. खाजगी जमिनीवरचीसुद्धा अनुसूचीतली झाडे तोडायला परवानगी लागते. यादी पुढीलप्रमाणे : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवनाची झाडे. यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्या गावच्या घरामागे यातले एक तरी झाड नक्की असेल.

अर्जासोबत सातबारा लागतो आणि इथेच परदेशात राहणाऱ्यांचा संबंध येतो. सातबाऱ्यावर चार भावंडांची नावे असतील आणि त्यातले एक नाव दोह्यातल्या तुमचे असेल, तर तुमची संमतीही मागितली जाते. फोनवर "हो, तोडा" म्हणणे पुरत नाही. संमतिपत्र किंवा मुखत्यारपत्र दोह्यातल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवावे लागते. सुट्टीत गावी जाणार असाल तर हे काम तिथेच उरकावे.

आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरच्या झाडांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. तिथे कंत्राटदाराने थेट सौदा करू नये.

नेहमी लक्षात ठेवायचे की परवानगीचा अर्ज झाडाच्या मालकाचा असतो, पण करवत कंत्राटदाराच्या हातात असते. म्हणून परवानगीपत्राची प्रत हातात आल्याशिवाय आणि त्यावरचा झाडांचा क्रमांक, जात व मुदत जुळवून पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये. "परवानगी काढलीय, कागद नंतर देतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नमस्कार करावा आणि पुढच्या कामाला लागावे. घरट्यात अंडी, पिल्ले असतील तर छाटणी पुढे ढकलावी. पक्ष्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यासाठी कायदा सांगायचीही गरज पडू नये.

५. लाकूड गाडीत भरल्यावर

तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीची परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत. हे न कळल्याने सर्वात जास्त लोक फसतात. भारतीय वन अधिनियम १९२७ आणि त्याखालच्या राज्याच्या नियमांनुसार अनेक जातींच्या लाकडाच्या वाहतुकीसाठी वाहतूक पास लागतो. कोणत्या जातींना पास लागतो आणि कोणत्यांना सूट आहे ती यादी आपल्या भागातल्या वनक्षेत्रपाल कार्यालयात जाऊन पाहावी. २९ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक पासची पद्धतही सुरू केली आहे.

पास नसताना लाकूड सापडले तर फक्त दंड होत नाही. माल आणि गाडी दोन्ही जप्त होतात, आणि महाराष्ट्रात लागू असलेल्या तरतुदींनुसार गाडी सरकारजमाही होऊ शकते. आतेभावाच्या ओळखीतल्या एकाची पिकअप अशीच नाक्यावर अडकली. त्याला म्हणे माहीतच नव्हते की ओंडक्यांत चार खैराचे आहेत. भाडे मिळणार होते काही हजारांचे. गाडी कित्येक महिने पावसात उभी राहिली आणि बँकेचा हप्ता मात्र एक दिवसही थांबला नाही. तेव्हापासून आतेभाऊ दुसऱ्याचे लाकूड भाड्याने वाहत नाही. वाहायचेच झाले तर पासवरची जात, नग, गाडीचा नंबर आणि मुदत स्वतः वाचतो.

आणखी एक सूचना. ओंडके चिरायला स्वतःच्या आवारात करवत गिरणी टाकण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला वन विभागाचा वेगळा परवाना लागतो आणि तो सहज मिळत नाही. माल वखारीला द्यावा आणि मोकळे व्हावे.

६. माणसे

गाडी बिघडली तर दुरुस्त होते. फांदीवरून पडलेला माणूस होत नाही. म्हणून पैसे पाठवताना मी एकच अट घातली. गाडीच्या आधी दोन सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, चांगले दोरखंड, गॉगल आणि मशीन करवतीसाठीचे पायाचे कवच घ्यायचे आणि त्याचे फोटो पाठवायचे. आत्याने नंतर सांगितले की या एका अटीमुळे तिला त्या रात्री झोप लागली.

- वीजतारांजवळचे काम महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय करू नये. ओली फांदी वीज वाहते.

- दुकाने व आस्थापना कायदा २०१७ नुसार (२०२५ च्या दुरुस्तीनंतर) वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी.

- २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामावर अपघात झाल्यास द्यायची भरपाई आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली येते. रोजंदारीचा मजूर आहे म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. त्यासाठीचा विमा वेगळा काढावा, गाडीच्या विम्यात तो येत नाही.

- उद्यम नोंदणी मोफत आणि ऑनलाइन आहे. एजंटला पैसे देऊ नयेत. फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

७. इथून पैसे पाठवताना

हा भाग खास आपल्यासाठी.

गाडी स्वतःच्या नावावर घेऊ नका. "पैसे माझे, म्हणून गाडी माझ्या नावावर" हे सुरक्षित वाटते, पण आहे नेमके उलट. अपघात झाला तर आरसी बुकावर ज्याचे नाव तो मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याचा हप्ता चुकला असेल तर भरपाईची नोटीस दोह्यात बसलेल्या तुमच्या नावाने निघेल.

भेट कोणाला देता ते पाहा. आयकर कायद्याच्या व्याख्येत सख्खी भावंडे, आई-वडील, त्यांची भावंडे हे "नातेवाईक" आहेत. चुलत, मामे, आते, मावस भाऊ त्यात येत नाहीत! त्यांना वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट दिली तर ती त्यांचे उत्पन्न धरली जाते. आत्याने भाच्याला दिलेली भेट करमुक्त असते, पण भाच्याने आत्याला दिलेली नाही, कारण नाते भेट घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले जाते आणि भाचा त्या व्याख्येत येत नाही. तरीही मी पैसे आत्याच्या खात्यात भेट म्हणून दिले, साध्या कागदावर तसे लिहून दिले आणि पुढे मुलाला काय द्यायचे ते तिने ठरवले. आई आणि मुलगा यांच्यातल्या भेटीला मात्र कर नाही.

उसने म्हणून देत असाल तर परदेशस्थ भारतीयांच्या कर्जाचे नियम वेगळे आहेत. चार्टर्ड अकाउंटंटला विचारून लेखी करार करावा. आणि जे काही देणार ते परत आले नाही तरी नाते टिकेल एवढेच द्यावे. हा नियम कोणत्याही कायद्यात नाही, पण सर्वात जास्त उपयोगी आहे.

८. इथे कतारमध्ये हे काम करणाऱ्यांसाठी

आपल्यातले काही जण इथल्या बाग देखभालीच्या कंपन्यांत सुपरवायझर किंवा इंजिनियर आहेत. "आपणच एक पिकअप घेऊन खजुराच्या झाडांची कामे का घेऊ नयेत?" हा प्रश्न मला दोघांनी विचारला. थोडक्यात उत्तर :

- एका मालकाच्या व्हिसावर असताना परवानगीशिवाय दुसरीकडे काम करणे किंवा खाजगी कामे घेणे बेकायदा आहे. शुक्रवारची जोडकामेही त्यात आली.

- रीतसर धंद्यासाठी वाणिज्य मंत्रालयाची व्यापारी नोंदणी (सीआर) आणि परवाना लागतो. २०१९ च्या कायदा क्रमांक १ नुसार मंजुरी घेऊन परदेशी गुंतवणूकदाराला १०० टक्क्यांपर्यंत मालकी मिळू शकते.

- भारतीय लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही. ड्रायव्हिंग स्कूल आणि परीक्षा ओघाने आलीच. हलकी गाडी, अवजड गाडी आणि यंत्रे यांचे परवाने वेगवेगळे आहेत. जुन्या गाडीचे नूतनीकरण करताना फाहेसची तांत्रिक तपासणी करावी लागते.

- झाडझुडपांना इजा करण्याविरुद्ध इथे १९९५ चा कायदा क्रमांक ३२ आहे. रस्त्यावरच्या किंवा रानातल्या झाडाला, मग ते सिद्राचे असो वा बाभळीचे, परवानगीशिवाय हात लावू नये. विश्वचषकाआधी २०२२ पर्यंत दहा लाख झाडे लावणारा हा देश आहे. इथे एकेक झाड पाण्याचा हिशेब करून वाढवलेले असते.

- २०२१ च्या मंत्रालयीन निर्णय क्रमांक १७ नुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद. वर्षाचा हिशेब मांडताना हे साडेतीन महिने विसरू नका.

- खजुराच्या हिरव्या झावळ्या ओरबाडून कापू नयेत. ताज्या जखमेच्या वासाकडे लाल सोंड्या भुंगा येतो आणि आतून बुंधा पोखरतो.

९. शेवटी एक यादी

गावाकडून असा फोन आला तर हे दहा प्रश्न क्रमाने विचारा.

१. छाटणी, झाड उतरवणे की लाकूड विक्री?
२. तीन महिन्यांची कामे वहीत लिहिलीस का?
३. काम नगरपरिषदेच्या हद्दीत की ग्रामपंचायतीच्या?
४. झाडाचे परवानगीपत्र कोणाच्या नावाने आहे आणि हातात आहे का?
५. लाकडाचा वाहतूक पास लागतो का?
६. गाडीचे एकूण वजन ३,००० च्या खाली की वर?
७. फिटनेस, बोजा, विमा बघितलास का?
८. मजुरांचा विमा वेगळा काढलास का?
९. बेल्ट, हेल्मेट, दोर आणलेस का?
१०. गाडी कोणाच्या नावावर?

आमच्या आतेभावाने शेवटी एक पिकअप घेतली, एकूण वजन ३,००० किलोच्या आतली. स्वतःच्या नावावर. मागच्या सुट्टीत वाईला गेलो तेव्हा तिच्यातूनच कृष्णेच्या घाटावर गेलो. डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद क्रमाने लावलेले होते. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "दादा, तू विचारणार म्हणून नाही ठेवले. नाक्यावर विचारतात म्हणून ठेवलेत." यापेक्षा चांगली परतफेड मला नको होती.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. शुल्क, दंडाची रक्कम आणि अर्जाचे नमुने बदलत असतात. म्हणून प्रत्यक्ष काम करण्याआधी संबंधित आरटीओ, नगरपरिषद आणि वनक्षेत्रपाल कार्यालयात खात्री करून घ्यावी. आपल्यापैकी कोणाला अशा कामाचा अनुभव असेल तर जरूर कळवा. पुढच्या अंकात भर घालता येईल.